मऊ आवाज

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर मी एका मुलीसाठी पुस्तक वाचून त्याचे ध्वनिमुद्रण करायला घेतले. तासगाव तालुक्यातल्या एका खेड्यातून ती रोज एसटीने सांगलीला महाविद्यालयात येते, इतिहास हा तिचा मुख्य विषय आहे आणि तिला जन्मापासून दिसत नाही. मी २८ वर्षे माध्यमिक शाळेत मराठी शिकवले असल्यामुळे मोठ्याने वाचणे हा माझ्या हातचा मळ आहे, असे मी धरून चालले होते. विश्रामबागेतल्या आमच्या घरी रात्री रस्त्यावरची वर्दळ थांबली की मी खिडक्या लावून घेई, पंखा बंद करी, मोबाईल तांब्याला टेकवून उभा ठेवी आणि शब्द न् शब्द जपून वाचत असे. पहिली दोन प्रकरणे पाठवल्यावर चौथ्या दिवशी तिचा फोन आला. आभार मानून झाले, तब्येतीची चौकशी झाली, आणि मग थोडी थांबून ती म्हणाली, "बाई, राग मानू नका, पण तुम्ही वाचताना आवाज मऊ करता. आजारी माणसाला भेटायला आल्यासारखा. मला परीक्षेला बसायचंय. तुम्ही वर्गात वाचत होता तसं वाचा ना."

मी ते ध्वनिमुद्रण स्वतः लावून ऐकले. प्रकरण पत्री सरकारचे, म्हणजे इंग्रज राजवटीविरुद्ध साताऱ्यात उभ्या राहिलेल्या प्रतिसरकारचे होते. १९४२ नंतरचा जुना सातारा जिल्हा, ज्यात तेव्हा आजचा सांगलीचा बराचसा मुलूखही होता, क्रांतिसिंह नाना पाटलांच्या हाकेने उठलेली गावे, ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ अडवून लुटलेली रेल्वेगाडी, असा सगळा धगधगता मजकूर. आणि तो वाचणारा माझा आवाज मात्र प्रत्येक वाक्याच्या शेवटी हळूच खाली बसत होता. दवाखान्यात पलंगाशेजारी बसून आपण "दोन घास जेवलात का" असे विचारतो, तो हा आवाज होता. मी तो ठरवून लावला नव्हता आणि म्हणूनच मला त्याचे अधिक वाईट वाटले. ऐकणारीला दिसत नाही, एवढी एकच गोष्ट मनात धरून मी ती सगळी पाने वाचली होती. हा आवाज माझ्यात आला कुठून, हा प्रश्न मला सोडेना. माझ्यापाशी जे काही आहे ते बहुतेक पुस्तकांतून आलेले आहे, म्हणून उत्तरासाठी मी माझ्याच कपाटाकडे वळले.

तिच्याकडे ते पुस्तक नव्हते असे नाही, हे आधी सांगायला हवे. कोणीतरी त्याची पाने स्कॅन करून तिला पाठवली होती; पण तिच्या मोबाईलमधला वाचणारा आवाज अक्षरे वाचतो, अक्षरांचे छायाचित्र वाचत नाही, त्यामुळे साडेतीनशे पानांतून तिला एकही शब्द ऐकू येईना. मैत्रिणींकडून मिळालेल्या टिपणांची गत आणखी वेगळी होती. युनिकोड रुळण्याआधीच्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला मराठी मजकूर आपल्या डोळ्यांना पडद्यावर शुद्ध दिसतो, पण यंत्राच्या लेखी तो इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी असतो आणि यंत्र ती खिचडी प्रामाणिकपणे वाचून दाखवते. यात कायदा आडवा येत नाही. २०१२ साली स्वामित्व हक्काच्या कायद्यात दुरुस्ती होऊन अपंग वाचकांना वाचता येईल अशी प्रत तयार करायला मोकळीक मिळाली, आणि २०१३ साली मराकेश येथे याच विषयावर जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्याला २०१४ मध्ये सर्वांत आधी मान्यता देणारा देश भारत होता. इतके सगळे होऊनही तासगावच्या मुलीला मातृभाषेतले पुस्तक हवे असेल, तर सांगलीत कोणालातरी रात्री खिडक्या लावून बसावे लागते.

आता कपाट. त्यात ऐतिहासिक कादंबऱ्या, प्रवासवर्णने, ललित लेख, संतवाङ्मय असे माझे आयुष्यभराचे वाचन आहे आणि त्यात अपंग माणसे नाहीत असे मुळीच नाही. धृतराष्ट्र आहे, पण त्याचे अंधत्व हे पुत्रमोहाचे दुसरे नाव आहे. मंथरेचे कुबड आहे, पण ते तिच्या मनातल्या वाकडेपणाची खूण म्हणून आहे. 'आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं', 'वासरांत लंगडी गाय शहाणी', 'आंधळ्यापुढे नाचले, बहिऱ्यापुढे गायले' या म्हणींचे अर्थ मी स्वतः फळ्यावर लिहून दिले आहेत आणि परीक्षेत त्यांना गुण दिले आहेत. नाथांच्या भारुडांत आंधळा येतो, बहिरा येतो, मुका येतो. परमार्थ न दिसणारा, न ऐकणारा जीव म्हणून ते येतात. त्या भारुडांवर माझे प्रेम आहे आणि ते उणे झालेले नाही. पण भारुड ऐकायला जमलेल्या वारकऱ्यांत एखादा खरोखरीचा आंधळा बसला असेल आणि त्याला ते ऐकून काय वाटत असेल, हा प्रश्न इतक्या वर्षांत मी वर्गात एकदाही विचारला नाही.

याखेरीज कपाटात एक कप्पा प्रेरणादायी चरित्रांचा होता. हेलन केलरची गोष्ट मी दरवर्षी मुलांना सांगत असे. एकोणीस महिन्यांची असताना आजाराने दृष्टी आणि श्रवण गेले, १८८७ साली ॲन सलिव्हन शिक्षिका म्हणून घरी आल्या, पंपाच्या धारेखाली एक हात धरून दुसऱ्या तळहातावर त्यांनी 'पाणी' हा शब्द बोटांनी लिहिला आणि मुलीच्या मनात लख्ख उजेड पडला. गोष्ट इथवर आली की वर्ग शांत होई, एकदोन मुलींचे डोळे भरून येत आणि मी पुस्तक मिटत असे. गेल्या वर्षी मी पहिल्यांदा त्या पंपाच्या पुढचे वाचले. पदवीधर झाल्यावर केलर १९०९ साली अमेरिकेतल्या समाजवादी पक्षात गेल्या. अंधत्वाच्या कारणांचा शोध घेता घेता कारखान्यांतली धोक्याची कामे आणि दारिद्र्य यांपाशी त्या पोहोचल्या, मजुरांच्या बाजूने लिहीत आणि बोलत राहिल्या, आणि ज्या वर्तमानपत्रांनी पूर्वी त्यांचे तोंड भरून कौतुक केले होते, त्यांतल्या काहींना त्यांची मते हे त्यांच्या व्यंगाचे फळ वाटू लागले. १९५५ साली त्या भारतातही येऊन गेल्या. सत्त्याऐंशी वर्षांच्या आयुष्यातली जेमतेम सात वर्षांची मुलगी तेवढी मी उचलली होती. रागावणारी, राजकारण करणारी, लोकांना नकोशी झालेली प्रौढ बाई माझ्या गोष्टीत बसली नसती.

ऑस्ट्रेलियातल्या स्टेला यंग या पत्रकार बाईंनी सांगितलेला एक प्रसंग याच सुमाराला माझ्या वाचनात आला. त्या चाकाच्या खुर्चीवर असत. पंधरा वर्षांच्या असताना गावातल्या कोणीतरी त्यांच्या आईवडिलांकडे येऊन मुलीचे नाव कर्तृत्वाच्या पुरस्कारासाठी सुचवू का, असे विचारले. आईवडिलांना आनंद झाला, पण एक अडचण होती. मुलीने अजून काही केलेले नव्हते. ती शाळेत जात होती, चांगले गुण मिळवत होती आणि टीव्ही बघत होती. हे वाचून मी पुस्तक बाजूला ठेवले, कारण अशा पुरस्कारांच्या निवड समितीवर मी स्वतः बसलेली आहे.

तेव्हा मी ठरवले की वर्षभर या विषयावरचे असे वाचायचे की ज्याने डोळ्यांत पाणी येणार नाही, आणि जिथे पुस्तक मिटावेसे वाटेल तिथे पाच पाने आणखी वाचायची. अवघड पुस्तके मी पूर्वीही वाचली होती, पण ती भाषेने किंवा विचाराने अवघड होती. ही वेगळ्या जागी अवघड निघाली.

सुरुवात जवळून केली. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचे 'चाकाची खुर्ची' हे आत्मकथन सांगलीतल्या वाचकांना नवे नाही. ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर त्यांचे कमरेखालचे शरीर लुळे पडले आणि पुढे त्यांनी 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभी केली, हे मलाही ठाऊक होते. त्यांच्या पुस्तकामुळे मी मणक्याच्या दुखापतीविषयीचे आणखी काही वाचायला घेतले, आणि त्यात शौचाचे आणि लघवीचे पान आले. नळी कशी घालायची, ती किती वेळाने बदलायची, बाहेर जायचे असेल तर आदल्या दिवसापासून पाणी किती प्यायचे. कमरेखाली संवेदना नसल्यामुळे बसून बसून कातडी सोलवटली तरी दुखत नाही आणि म्हणून ठरावीक वेळाने दोन्ही हातांवर जोर देऊन अंग खुर्चीवरून उचलावे लागते, नाहीतर झालेली जखम हाडापर्यंत जाते. मी पुस्तक मिटले, मग ठरल्याप्रमाणे उघडले. धैर्याच्या, जिद्दीच्या गोष्टी मी तासन् तास ऐकवू शकले असते; पण कार्यक्रमाच्या ठिकाणी खुर्ची आत जाईल एवढ्या रुंद दाराचे संडास आहे का, हे मी आयुष्यात एकदाही पाहिले नव्हते. किती जणी दिवसभर तहानलेल्या राहून आमच्या सभांना आल्या असतील, याचा हिशेब आता कोणी देऊ शकणार नाही.

हे वाचताना मला आत्याची खुर्ची आठवली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा सांगलीच्या आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट आहे. आत्या गावभागात राहत होत्या. अर्धांगवायूनंतरची सहा वर्षे त्या चाकाच्या खुर्चीवर होत्या आणि त्या खुर्चीतून स्वयंपाकघर, देवघर, मागचे दार असा त्यांचा दिवसभर संचार असे. पाणी दाराशी आले तेव्हा बोटीवाल्या मुलांनी जिवावर उदार होऊन त्यांना उचलून बोटीत बसवले. खुर्ची आत राहिली. आत्या सारख्या खुर्चीकडे बोट दाखवत होत्या आणि आम्ही सगळे त्यांची समजूत घालत होतो की माणसे वाचली हे महत्त्वाचे, सामान काय, पुन्हा येईल. आमच्या घरी त्या अकरा दिवस होत्या. त्या अकरा दिवसांत त्या कॉटवरून स्वतःहून एकदाही हलल्या नाहीत, कारण हलणार कशाने? पाणी प्यायला हाक, कूस बदलायला हाक. तिसऱ्या दिवसापासून त्यांनी हाका मारणे कमी केले आणि त्या आता जरा शांत झाल्या आहेत, असे आम्ही एकमेकांना सांगितले. पूर ओसरल्यावर खुर्ची सापडली. चाकांच्या आऱ्यांत गाळ वाळून दगड झाला होता आणि बेअरिंग गंजून धरली होती. ज्याला आम्ही सामान म्हणालो ते त्यांचे पाय होते, हे मला पाच वर्षांनी एका पुस्तकाच्या पानावर कळले. तोवर आत्या गेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शिवणाची टेप घेऊन आमच्या इमारतीच्या दाराशी गेले. दाराला तीन पायऱ्या आहेत, प्रत्येकी सहा इंचांच्या, आणि त्यांच्या बाजूला सिमेंटचा एक उतार आहे, ज्याचा आम्हाला अभिमान होता. नियम असा आहे की एक इंच उंची चढायला निदान बारा इंच लांबीचा उतार हवा. म्हणजे अठरा इंचांसाठी अठरा फूट. आमचा उतार पाच फूट दोन इंच भरला. त्यावरून दुचाकी चढवता येते. चाकाची खुर्ची कोणी स्वतःच्या हातांनी चढवू लागले तर ती मागे उलटेल. मी हे सोसायटीच्या बैठकीत मांडले आहे आणि मांडत राहणार आहे.

ज्याँ दोमिनिक बोबी यांच्या पुस्तकाने मात्र माझ्या शिक्षकी स्वभावावरच बोट ठेवले. हे फ्रान्समधल्या एका प्रसिद्ध मासिकाचे संपादक. डिसेंबर १९९५ मध्ये मेंदूत झालेल्या आघातामुळे त्यांचे सगळे शरीर निश्चल झाले. बुद्धी पहिल्यासारखी शाबूत राहिली आणि हलवता येण्याजोगी एक डावी पापणी उरली. समोरच्या व्यक्तीने वर्णमाला म्हणत जायचे आणि हवे ते अक्षर आले की त्यांनी पापणी मिटायची, अशा रीतीने त्यांनी संपूर्ण पुस्तक सांगितले. वेळ वाचावा म्हणून फ्रेंचमध्ये जास्त लागणारी अक्षरे आधी येतील अशी वर्णमालेची फेरमांडणी केलेली होती. मार्च १९९७ मध्ये पुस्तक आले आणि काही दिवसांतच ते वारले. हे मराठीत कसे जमेल, या विचाराने मला झोप येईना, कारण आपल्याकडे नुसते अक्षर सापडून भागत नाही, त्याची काना-वेलांटी सापडावी लागते. शेवटी सुटीत आलेल्या भाच्याला मी दिवाणावर निजवले. आधी वर्ग विचारायचा, क-वर्ग, च-वर्ग, ट-वर्ग, मग वर्गातले अक्षर, मग बाराखडी. तो काय सांगणार आहे ते त्याने मनात ठेवले होते. 'खि' मिळवायला दोन मिनिटे गेली. 'ड' मिळाला. 'की' येताच मी म्हणाले, "खिडकी लावू का? डास येतायत?" त्याने पापणी हलवली नाही. मी पुन्हा विचारले, कारण डास खरोखरच येत होते. तो तसाच पडून राहिला. मग मी पुढे म्हणत गेले आणि 'पलीकडे' हा शब्द निघाला, मग 'कोण' निघाला. खिडकीपलीकडे कोण गात आहे, असे त्याला विचारायचे होते. समोरच्या बंगल्यात कोणीतरी रियाज करत होते, आणि मला ते ऐकू आले नव्हते. या सगळ्याला सव्वीस मिनिटे लागली. वर्गात एखादे मूल अडखळत उत्तर देऊ लागले की ते वाक्य पुरे करून देण्याची मला सवय होती आणि ती सवय मी मायेची खूण समजत होते.

बहिऱ्या माणसांच्या भाषेविषयी मी थोडे वाचले, पण जे वाचले त्याने माझी एक जुनी समजूत मोडली. १८८० साली मिलान येथे शिक्षकांची परिषद भरली आणि बहिऱ्या मुलांना खुणांच्या भाषेऐवजी तोंडाने बोलायला शिकवावे, असा ठराव तिने केला. ज्यांच्या भाषेवर बंदी घालायची ते लोक मतदानात जवळजवळ नव्हतेच. त्या ठरावाची सावली शाळांवर शंभर वर्षांहून अधिक काळ राहिली आणि २०१० साली व्हँकूवरच्या परिषदेत त्याबद्दल खेद व्यक्त झाला. खुणांची भाषा म्हणजे मराठीचे किंवा हिंदीचे हातवारे, असे मी समजत होते. तसे ते नाही. भारतीय सांकेतिक भाषेला स्वतःचे व्याकरण आहे, तिच्यात प्रश्नवाचक शब्द वाक्याच्या अखेरीस येतो, आणि चेहऱ्यावरचे भाव हे तिथे व्याकरणाचे काम करतात. आपण सरसकट 'मूकबधिर' म्हणतो, तेव्हा एक सबंध भाषा बोलणाऱ्या माणसांना मुके ठरवतो. व्याकरण शिकवण्यात जन्म गेलेल्या माणसाला हे उशिरा कळावे, याची मला खंत आहे.

सर्वांत जड गेले ते वाचनदोषावरचे वाचन, ज्याला डिस्लेक्सिया म्हणतात. त्यात दृष्टीचा दोष नसतो, बुद्धीचाही नसतो. ध्वनी आणि अक्षर यांची सांगड घालण्याचे काम त्या मेंदूला कष्टाचे जाते. हे वाचताना एक वही माझ्या डोळ्यांपुढे आली. पंचवीस वर्षांपूर्वी आठवीच्या वर्गात एक मुलगा होता. एकदा ऐकलेली कविता त्याला चालीसकट पाठ होई. वाचायला उभा केला की मात्र घाम फुटे. त्याच्या वहीत 'कर्म'चा 'क्रम' होई, 'किती'चे 'कीत' होई, 'भ' आणि 'म', 'घ' आणि 'ध' एकमेकांच्या जागी बसत. मी ती वही लाल शाईने भरून टाकत असे. ज्याला तोंडपाठ येते त्याला वाचता येत नाही म्हणजे हा आळस आहे, असे माझे निदान होते, आणि आळस जावा म्हणून मी त्याला रोज पहिल्यांदा उभा करत असे.

आता विचार केला की आपल्या लिपीची गुंतागुंत माझ्या लक्षात येते. पहिली वेलांटी आपण अक्षराच्या आधी काढतो आणि उच्चारतो अक्षरानंतर. 'कर्म' म्हणताना 'र्' येतो 'म'च्या आधी, पण लिहिताना तो रफार होऊन 'म'च्या डोक्यावर जाऊन बसतो. 'क्रम'मध्ये तोच 'र' अक्षराच्या पोटात तिरपी रेघ होऊन शिरतो. एकच ध्वनी तीन ठिकाणी तीन रूपांत राहतो. ज्याचे कान इतके तयार होते त्या मुलाला ही फसवणूक वाटत असणार, आणि तो ज्या चुका करत होता त्यांत एक शिस्त होती. वहीत ती माझ्यासमोर रोज उघडी पडत होती, आणि ती वाचणे हे माझे काम होते. नववीत दोनदा नापास होऊन त्याने शाळा सोडली. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते आणि त्यांत हा नव्हता. २०१६ च्या कायद्यात एकवीस प्रकार आले आणि त्यांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आली. पण कायद्याची वाट पाहणे मला भाग नव्हते. शेजारी बसून त्याची एक ओळ हळू वाचून घ्यायला कोणत्या कायद्याची गरज होती?

इतके वाचून झाल्यावर मला वाटू लागले होते की आता निदान योग्य पुस्तके कोणती ते मला कळले आहे: अपंग माणसाने स्वतः लिहिलेली, स्वतःच्या अपंगत्वाविषयीची. तेव्हा वेद मेहता आडवे आले. लाहोरला १९३४ साली जन्मलेल्या या लेखकाची दृष्टी चार वर्षांचा होण्याआधीच मेंदूज्वराने गेली आणि पाच वर्षांचे होता होता त्यांना घरापासून इतक्या दूर, मुंबईत दादरच्या अंधशाळेत पाठवण्यात आले. पहिल्या आत्मचरित्रात त्यांनी हे सांगितले, आणि त्यानंतर कित्येक वर्षे आपल्या लेखनात अंधत्वाचा उल्लेख कटाक्षाने टाळला. लोकांचे चेहरे, कपडे, रस्त्यांवरचे रंग यांची वर्णने ते इतरांकडून बारकाईने विचारून घेत आणि लिहीत. आपल्याला 'अंध लेखक' म्हणून वाचलेले त्यांना नको होते. मी त्यांना माझ्या वर्षभराच्या यादीत घातले होते ते नेमके त्याच कारणासाठी. याच्या उलट आपल्याकडे खांडेकर. सांगलीत जन्मलेल्या या माणसाविषयी मी फळ्यावर शेकडो वेळा 'जन्म १८९८, ययाती, ज्ञानपीठ' असे लिहिले आहे. अखेरच्या वर्षांत त्यांची दृष्टी गेली होती आणि ते लेखनिकाला मजकूर सांगून लिहीत होते, हे त्या ओळीत कधी आले नाही. एका लेखकाच्या बाबतीत तेवढेच पाहिले आणि दुसऱ्याच्या बाबतीत तेवढेच वगळले. एक लेखक ज्याला नको म्हणतो, ते दुसऱ्याला सांगायचे असू शकते, आणि हे ज्याचे त्याला विचारावे लागते.

जिच्यासाठी मी वाचत होते त्या मुलीला मी हे सगळे एकदा बोलून दाखवले. ती ऐकत होती, पण तिचे लक्ष दुसरीकडे असावे. अंधांविषयीच्या पुस्तकांत तिला फारसा रस नाही. तिला कुंडलच्या तुफान सेनेत, म्हणजे पत्री सरकारच्या लढाऊ दलात रस आहे, तिथल्या न्यायनिवाड्यांत रस आहे, बायका निरोप कसे पोहोचवत होत्या त्यात रस आहे. अर्जावर 'दिव्यांग' लिहायचे की 'अपंग', यावर मी बरेच काही वाचले होते, ती म्हणाली, "फॉर्मवर जे छापलेलं असेल ते लिहिते, बाई. गावात आंधळीच म्हणतात. वर्गात नावानं हाक मारतात." आणि लगेच तिने पुढच्या प्रकरणाचे विचारले.

माझे वाचन आता सुधारले आहे, असे ती म्हणते. मी पान क्रमांक सांगते, चौकट सुरू झाली की "चौकट" म्हणते आणि संपली की "चौकट संपली" म्हणते, तळटीप त्याच जागी वाचते, विशेषनामे एकदा फोडून सांगते. ती हे सगळे दुप्पट वेगाने ऐकते, तेव्हा उगाच थांबायचे नाही हेही शिकले आहे. पण पाचव्या प्रकरणात नकाशा आला. मी तो शब्दांत सांगायचा प्रयत्न तीन रात्री केला. वर उत्तर, डावीकडे सह्याद्री, कृष्णा वरून खाली येते, असे सांगताना माझ्याच लक्षात येई की 'वर' आणि 'खाली' हे कागद भिंतीवर लावणाऱ्याचे शब्द आहेत. शेवटी जाड पुठ्ठा घेतला, जाड सुताने नद्या चिकटवल्या आणि गावांसाठी तूरडाळीचे दाणे लावले. कऱ्हाडला कोयना आणि कृष्णा समोरासमोर येऊन मिळतात तिथे दोन सुते अंगठ्याने दाबून धरली. दाणे मोजून लावले: कऱ्हाड, शेणोली, कुंडल, वाळवा, भिलवडी, सांगली.

शनिवारी कॉलेज सुटल्यावर ती घरी आली. चहा निवत ठेवून तिने दोन्ही हात पुठ्ठ्यावर पसरले, कडा चाचपल्या, मग उजव्या हाताची तर्जनी कऱ्हाडच्या दाण्यावर ठेवून कृष्णेवरून सावकाश सरकवली. शेणोलीला थांबली. डाव्या हाताने कुंडल शोधून तिने दोन बोटांतले अंतर मनात मोजले आणि "एवढं जवळ?" म्हणाली. मग बोट भिलवडीच्या खाली आले आणि तिथे घुटमळले. सुताच्या दोन्ही बाजूंना तिने परत परत चाचपून पाहिले.

"बाई, येरळा कुठाय? ब्रह्मनाळला मिळते की. आमचं गाव तिच्याच काठाला आहे."

पुस्तकातल्या नकाशात येरळा नव्हती, आणि मीही ती लावली नव्हती. मी उठून सुताचा गुंडा आणि कात्री आणली, आणि येरळा कुठून कशी वळते ते तिने मला पुठ्ठ्यावर बोटाने काढून दाखवले.